खांबकुस्तीचा खटला

"आधी तुम्ही, जावईबापू."

"छे, नाना. आधी तुम्ही."

"असं कसं? जावयाचा मान पहिला."

पडद्यावर दोन पैलवान समोरासमोर उभे होते. एक टकला, दुसरा निळ्या जाकिटातला. दोघंही आमच्या हुकमाची वाट पाहत संथ श्वास घेत होते. वरच्या कोपऱ्यात घड्याळ उलटं चाललं होतं. गल्ल्यावरून अभय दोशी म्हणाला, "कोणीतरी मारा हो. का मुहूर्त काढून आणू?"

मी मारलं. नानांनी अडवलं. नानांनी मारलं, मी अडवलं. मग दोन्ही पैलवान गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकायला लागले, वेळ संपली, बरोबरी झाल्याची इंग्रजी अक्षरं लुकलुकली आणि यंत्राने नेहमीप्रमाणे आम्हाला आणखी एक डाव फुकट दिला. तोही तसाच गेला.

"आजही निकाल नाही," नाना म्हणाले.

"नाही ना."

"मग उद्या बघू." नानांनी कोपऱ्यातल्या माठातून ग्लासभर पाणी घेतलं, खुर्चीवर बसून सावकाश प्यायलं, टोपी सारखी केली आणि आम्ही घरी निघालो.

नाना म्हणजे माझे सासरे, गोविंद रामचंद्र बिडवे. करमाळ्याच्या कोर्टात त्यांनी पट्टेवाला म्हणून उभी नोकरी काढली. नावं पुकारायची आणि साक्षीदाराला शपथ द्यायची. त्या उन्हाळ्यात ते मोतीबिंदू काढायला आमच्याकडे बार्शीला आले होते. एकोणीसशे नव्याण्णव साल. डोळा बरा होतोय तोवर अधिक महिना लागला, आणि अधिकात जावयाला वाण द्यायचं असतं, म्हणून ते राहिले. त्यांनी मला पाटावर बसवलं, विष्णू समजून ओवाळलं आणि अनारशांचं ताट हातात दिलं. ज्या माणसाला सकाळी विष्णू म्हटलं, त्याच्या पोटात दुपारी ठोसे मारायचे, हे त्यांना विचित्र वाटत नव्हतं. मला वाटायचं, पण अनारसे चांगले होते.

आमच्या घरी नाना फक्त झोपत. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, असा त्यांच्याकडचा नियम. बहुतेकांच्या बाबतीत तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप संपतो. कुमुदला आणि मला मूल झालं नाही, त्यामुळे नियमाला संपायला काही कारणच मिळालं नाही. नाना खाणावळीत जेवायचे. शेजारी ग्रंथालयाची इमारत, तिच्या तळमजल्यावर अभयचं व्हिडिओ गेम पार्लर, आणि पार्लरात माठ. जेवून पाण्यासाठी म्हणून ते आत गेले आणि यंत्रासमोर उभे राहिले. डोळ्यांच्या डॉक्टरांना हे सांगायचं नाही, असं आमचं तिघांचं ठरलं होतं.

ते यंत्र पार्लरातलं सगळ्यात बदनाम यंत्र होतं. त्याच्या कपाळावरचं नाव सोलून गेलं होतं, म्हणून पोरांनी त्याला 'खांबकुस्ती' हे नाव ठेवलं. दोन खांब उभे करावेत तसे पैलवान, तेही दोनच. हातातून जाळ नाही, आकाशात उडी नाही. सलग ठोसे मारले की तुमचाच पैलवान दमून वाकायचा. समोरचा पडला तर तो उठेपर्यंत थांबायचं. पडलेल्याला मारलंत तर डाव गेला. जिंकलात की तुमचा पैलवान हात पुढे करून हरलेल्याला उठवायचा. असा खेळ कोणत्या देशात तयार झाला असेल कुणास ठाऊक. निदान आपल्याकडे चालेल म्हणून तो कोणी बनवला नसावा.

मी तेव्हा इथल्या साप्ताहिकात 'चिमटा' नावाचं सदर लिहीत असे. गावातल्या प्रत्येक मान्यवराला एकदा तरी चिमटा बसला होता, आणि ज्याला बसला नव्हता तो नाराज होता.

वाण देऊन दोन-चार दिवस झाले तेव्हा एकदा सकाळी कुमुद म्हणाली, "नाना, अजून थोडे दिवस राहा की."

नाना ओट्यावर बसून टोपीला घडी घालत होते. "डोळा बरा झाला. वाण दिलं. आता कशासाठी राहायचं?"

"मी म्हणते म्हणून."

"लेकीच्या दारात किती दिवस पडून राहायचं, कुमे? लोक काय म्हणतील?" मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "जावयांबरोबरचा तो सामना तेवढा अर्धा आहे. अर्धा टाकून जाणं बरं नाही. तो निकाली निघाला की दुसऱ्या दिवशीची करमाळा गाडी धरतो."

कुमुदने मला स्वयंपाकघरात बोलावलं. आई गेल्यापासून करमाळ्याच्या त्या दोन खोल्यांत नाना एकटे असत. फोन केला की ते "मजेत" म्हणायचे, आणि ते इतक्या पटकन म्हणायचे की कुमुद फोन ठेवून बराच वेळ तिथेच उभी राहायची.

"जिंकू नका," ती म्हणाली.

"बरं."

"आणि हरूही नका."

"अगं, हरलो तर त्यांना आनंदच—"

"हरलात तरी निकालच लागतो ना?"

तेव्हापासून न जिंकण्याची आणि न हरण्याची कामगिरी माझ्याकडे आली. वाटते तितकी ती सोपी नव्हती. मी मुद्दाम उशिरा ठोसा मारायचो आणि मुद्दाम वेळेवर अडवायचो. नाना वयस्कर, त्यांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. त्यांना सांभाळून घेताना मला स्वतःविषयी बरं वाटायचं. मनातल्या मनात मी ह्याला कला म्हणत असे.

मग एका दुपारी अभयने बातमी दिली. "सर, सोमवारी पुण्याहून टेम्पो येतोय. खांबकुस्ती देऊन टाकतोय, बदल्यात नवीन मशीन."

"कुणी सांगितलं?"

"सगळ्यांनीच," मागून मकरंद सुरवसे म्हणाला. मकरंद नुकताच वकील झाला होता. सकाळी कोर्टात तारखा घ्यायचा आणि दुपारी पार्लरात सगळ्यांना हरवायचा. जाळवाल्या यंत्रावर अख्ख्या बार्शीत त्याला जोड नव्हती. "सर, ह्यात मारामारी कुठे आहे? दोन माणसं रेशनच्या रांगेत उभी असल्यासारखी उभी."

"मधून एकमेकांना ढकलतात की."

"रांगेतही ढकलतात."

"मकरंद, तुझ्या लाडक्या यंत्रात माणसाच्या तळहातातून जाळ निघतो. तुझ्या ओळखीत असा कोण आहे?"

"तुमच्या ओळखीत निळ्या जाकिटातला पैलवान आहे?"

"जाकिटातला नाही. पण दमलेले पुष्कळ आहेत."

पोरं हसली. मी खरं बोललो की लोक हसतात, हा माझ्या धंद्याने मला लावलेला रोग आहे. चिडून बोललो तर जास्त हसतात. "अरे, हसताय काय? तुमच्या त्या यंत्रात डोळे मिटून बटणं बडवली तरी निम्म्या वेळा जिंकता येतं. ह्यात बडवणारा आधी आडवा होतो. समोरच्याकडे बघावं लागतं. थांबावं लागतं."

"थांबायला एसटी स्टँड आहे की, सर," मकरंद म्हणाला.

"आणि माझं काय?" अभय म्हणाला. "एका नाण्यात तुम्ही दोघं अख्खी दुपार काढता. बरोबरी झाली की मशीन फुकट डाव देतं. ज्याने ते बनवलं त्याला धंदा कळत नव्हता."

नाना माठापाशी उभे होते. त्यांनी ग्लास धुऊन पालथा ठेवला आणि विचारलं, "टेम्पो सोमवारी येणार?"

"हो, नाना. सकाळी."

"मग मंगळवारची गाडी," नाना म्हणाले. जणू कुणीतरी त्यांना तारीख दिली होती आणि त्यांनी ती लिहून घेतली.

माझ्याकडे दोन-तीन दिवस होते. आमच्या ग्रंथालयाची व्याख्यानमाला रविवारी संपायची होती, आणि शेवटच्या दिवशी दरवर्षी अभिरूप न्यायालय भरवायची पद्धत. खोटं कोर्ट, हौशी वकील. आदल्या वर्षी आरोपी म्हणून वरणभाताला उभं केलं होतं. तो पुराव्याअभावी सुटला. यंदाचा आरोपी अजून मिळाला नव्हता. मी वर जाऊन ग्रंथालयाच्या अध्यक्षा प्रमिलाताई देशमाने यांना गाठलं. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. तीन पिढ्या त्यांना घाबरून शिकल्या होत्या, म्हणून न्यायाधीश दरवर्षी त्याच.

"आरोपी खांबकुस्ती," मी म्हणालो. "आरोप, खेळ असूनही लोकांना खेळवत नाही. फिर्यादीतर्फे मकरंद. आरोपीतर्फे मी."

"तू वकील कधी झालास?"

"वरणभाताचं वकीलपत्र ज्याने घेतलं होतं तो डेंटिस्ट होता, बाई."

त्यांनी परवानगी दिली. अभयला गंमत वाटली. "जे कोर्ट म्हणेल ते," तो म्हणाला. "सुटली तर राहील. नाही सुटली तर सोमवारी टेम्पोत."

नानांना मी कोर्टाचा पट्टेवाला व्हायला सांगितलं. मला वाटलं, रमतील. कुमुदने लाल कापडाचा पट्टा शिवून दिला. नानांनी तो खांद्यावरून घेतला, आरशात न बघता सरळ केला आणि विचारलं, "शपथ कशावर?"

"कशावरही चालेल, नाना. गंमत आहे."

"शपथ आहे ना?"

"आहे."

"मग गंमत कशी?"

रविवारी संध्याकाळी ग्रंथालयाचं पटांगण भरलं. चौघांनी आरोपीला उचलून व्यासपीठावर आणलं. पोलीस आणतात तसं त्याच्या तोंडावर कापड टाकलं होतं. त्यालाच सगळ्यात मोठा हशा मिळाला. हातोडा सापडला नाही म्हणून प्रमिलाताईंनी घरून खलबत्त्यातला बत्ता आणला होता. शपथेसाठी ग्रंथपालांनी त्यांच्याकडचं सगळ्यात जाड पुस्तक दिलं. तो शब्दकोशाचा एक खंड होता.

नानांनी पहिलं नाव पुकारलं आणि पटांगण गप्प झालं. "अभय मोतीलाल दोशी, हाजिर हो." मागच्या रस्त्यावरून सायकलवर चाललेला एक माणूस खाली उतरून उभा राहिला. घरात हाक मारली तर ओ देताना ज्यांचा आवाज फुटायचा नाही, ते हेच नाना होते, ह्यावर माझा विश्वास बसेना. मी कुमुदकडे पाहिलं. ती बायकांच्या रांगेत पदर तोंडाशी धरून बसली होती.

अभयने शब्दकोशावर हात ठेवून खरं सांगायची शपथ घेतली आणि मग आपण पार्लर निव्वळ समाजसेवा म्हणून चालवतो असं सांगितलं. लोक हसले. नाना हसले नाहीत. ते अभयकडे असे पाहत राहिले, की अभयने पुढची दोन वाक्यं खरी सांगितली.

मकरंद तयारीने आला होता. खेळ संथ आहे. पैलवान दोनच. आवाज कुकरच्या शिट्टीसारखा. त्याने कापड बाजूला करून यंत्र सुरू केलं आणि निळ्या जाकिटाला सलग ठोसे मारायला लावलं. निळं जाकीट दमलं आणि गुडघ्यांवर हात टेकून उभं राहिलं. "युवर ऑनर," मकरंद म्हणाला, "हा योद्धा आहे की जिना चढून आलेला पाहुणा?"

टाळ्या पडल्या. मग मी उठलो.

मी म्हणालो, ह्या खेळाचा गुन्हा एवढाच की ह्यात माणूस दमतो. शेजारच्या यंत्रांत कोणी दमत नाही, कोणाला लागत नाही. डोकं फुटलेला दुसऱ्या डावात ताजातवाना उभा. तिथे पडलेल्याच्या छातीवर उडी मारली की गुण वाढतात. हे एकच यंत्र असं आहे, की जे पडलेल्याला उठायला वेळ देतं. मी म्हणालो, जिंकणाऱ्याने हरणाऱ्याला हात देऊन उभं करावं असं हे यंत्र सांगतं, आणि म्हणून आपण त्याला भंगारात काढतोय.

मी हे सगळं मनापासून बोललो. पटांगण पोट धरून हसत होतं. पुढच्या रांगेतले नगरसेवक तर डोळे पुसत होते; त्यांना वाटलं मी निवडणुकीवर बोलतोय. मी आवाज चढवला तसे ते आणखी हसले. माझ्या लक्षात आलं की कार्यक्रम उत्तम चालला आहे आणि खटला मी हरलो आहे.

"शेवटचा साक्षीदार," मकरंद म्हणाला. "हा खेळ रोज खेळणारे बार्शीत दोनच इसम आहेत. एक आरोपीचे वकील. दुसरे, श्री. गोविंद रामचंद्र बिडवे."

"हरकत," मी म्हणालो. "ते कोर्टाचे कर्मचारी आहेत."

"हरकत फेटाळली," प्रमिलाताई म्हणाल्या. त्यांनाही आता मजा येत होती. "बिडवे, साक्षीदाराला पुकारा."

नानांनी समोर बघत स्वतःचं नाव पुकारलं. पद्धतीप्रमाणे तीनदा. लोक हसले. तिसऱ्यांदा पुकारून झाल्यावर ते चालत गेले, पिंजऱ्याच्या जागी ठेवलेल्या टेबलामागे उभे राहिले, टोपी काढली आणि शब्दकोशावर हात ठेवला. मग त्यांनी स्वतःलाच शपथ दिली. "मी ईश्वरसाक्ष शपथ घेतो की, मी खरं सांगेन, पूर्ण खरं सांगेन, खऱ्याशिवाय दुसरं काही सांगणार नाही." आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडी घातलेली ती शपथ त्यांनी स्वतः कधी घेतली नसावी. शेवटच्या वाक्याला ते जरा थांबले. त्या थांबण्याला कोणी हसलं नाही.

"तुम्ही खांबकुस्ती खेळता?" मकरंदने विचारलं.

"हो."

"कुणाबरोबर?"

"जावयांबरोबर."

"कधीपासून?"

"अधिक लागल्यापासून."

"इतक्या दिवसांत तुम्ही एकदा तरी जिंकलात?"

"नाही."

"हरलात?"

"नाही."

मकरंद लोकांकडे वळला. "बघा. एक डाव संपायला अधिक महिना पुरत नाही. म्हणजे ह्या खेळात निकाल लागतच नाही. बरोबर ना, आजोबा?"

ह्याला "बरोबर" म्हटलं की खटला संपत होता. मी नानांकडे बघून नकारार्थी मान हलवायचा प्रयत्न केला. पण त्यांची नजर शब्दकोशावरच्या आपल्या हातावर होती.

"बरोबर नाही," ते म्हणाले.

"नाही?"

"निकाल लागू शकतो. जावईबापू डाव्या हाताने ठोसा मारतात तेव्हा त्यांचा उजवा खांदा उघडा पडतो. दर वेळी. पहिल्याच आठवड्यात दिसलं मला."

पटांगण माझ्याकडे वळलं. मी कागद चाळले. त्यांवर काही नव्हतं. ज्याला मी सांभाळून घेत होतो तो इतके दिवस मला सांभाळून घेत होता. कलेबाबतचं माझं मत मला त्या क्षणी बदलावं लागलं.

मकरंदला आयता विनोद सापडला. "मग मारलं का नाही? अधिकातला जावई म्हणून? विष्णूला कसं मारायचं?"

"तसं नाही."

"मग?"

मी उभा राहिलो. हरकत घ्यायची होती, पण कशाला घ्यायची ते सुचेना. नानांनी एकदा बायकांच्या रांगेकडे पाहिलं आणि पुन्हा आपल्या हाताकडे.

"निकाल लागला की करमाळ्याला जातो, असं मी बोलून बसलो होतो," ते म्हणाले.

"बरं. मग?"

"करमाळ्याला कोणी नाही."

हे त्यांनी पुकाऱ्याच्या आवाजात सांगितलं नाही. घरातल्या आवाजात सांगितलं. तरी ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं असावं, कारण तिथले दाणे खाणारेही थांबले. पडद्यावर निळं जाकीट अजून गुडघ्यांवर हात टेकून उभं होतं. मकरंदने यंत्र बंद केलं नव्हतं.

मकरंद सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा असेल. पुढचा प्रश्न त्याच्याकडे तयार होता. तो त्याच्या कागदावर मला दिसत होता. त्याने कागद उलटा केला.

"युवर ऑनर," तो म्हणाला, "फिर्यादीला पुढची तारीख मिळावी."

"कारण?"

"तयारी नाही, बाई."

प्रमिलाताईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तारीख मंजूर. नंतर कळवण्यात येईल."

"मग उद्याच्या टेम्पोचं काय?" पुढच्या रांगेतून अभयने विचारलं. विचारून झाल्यावर आपण हे विचारायला नको होतं असं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

"खटला संपेपर्यंत मुद्देमाल हलवता येत नाही," प्रमिलाताई म्हणाल्या. "का हो, बिडवे?"

नानांनी टोपी घातली. "नाही हलवता येत, बाई."

बत्ता टेबलावर पडला. आभार मानायचे राहून गेले. व्याख्यानमालेच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडलं.

आम्ही तिघं चालत घरी आलो. वाटेत कुमुद एकदाच बोलली. "नाना, तुमचे धुवायचे कपडे बादलीत टाकून ठेवा उद्या. इस्त्रीवाला मंगळवारी येतो."

"मंगळवारी," नाना म्हणाले. आणि थोडं चालून, "बरं."

मी त्या खटल्यावर 'चिमटा'मध्ये काही लिहिलं नाही. संपादकांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. ते आजही आहे. प्रमिलाताई गेल्या, मकरंद आता स्वतःच न्यायाधीश होऊन कुठेतरी बदलीवर आहे, मी सदर लिहिणं थांबवलं. तारीख काही निघालेली नाही.

सोमवारी टेम्पो रिकामा गेला. जेवण उरकून नाना खाणावळीतून नेहमीप्रमाणे पार्लरात आले. आरोपीला चौघांनी पुन्हा खाली आणून जागेवर ठेवलं होतं. मी नाणं टाकलं. टकला आणि निळं जाकीट समोरासमोर उभे राहिले.

"आधी तुम्ही, जावईबापू."

ह्या वेळी मी वाद घातला नाही. नेहमीप्रमाणे डाव्या हाताने ठोसा मारला. खांदा झाकायचा प्रयत्नही केला, पण सवय जाते थोडीच. नानांनी एक श्वास वाट पाहिली आणि मारलं. एकच. माझा पैलवान कमरेत वाकला, गुडघ्यावर आला आणि पाठीवर पडला. अभय गल्ल्यावरून उठून उभा राहिला. नाना यंत्राच्या दांड्यावरून हात काढून थांबले. माझा पैलवान उठला नाही. मग नानांचा टकला दोन पावलं पुढे आला, त्याने हात पुढे केला आणि माझ्या निळ्या जाकिटाला उभं केलं. आमच्या डावात हे दृश्य आम्ही दोघं पहिल्यांदाच पाहत होतो.

"निकाल लागला, नाना," मी म्हणालो.

"लागला."

अभयने माठातून ग्लास भरला आणि नानांपुढे धरला. बाहेर ऊन मरणाचं होतं. नानांनी ग्लासाकडे पाहिलं, रुमालाने मान पुसली.

"राहू दे," ते म्हणाले. "घरी जाऊन पितो."